पिसदुऱ्याचं गवत

बीबीसीची ‘वॉकिंग विद डायनासोर्स’ ही मालिका १९९९ मध्ये पडद्यावर आली. तिच्यातले प्राणी संगणकावर आणि कार्यशाळेत घडवलेले होते, पण त्यांच्या मागची रानं, किनारे आणि डोंगर खरे होते. ही ठिकाणं हुडकताना निर्मात्यांना एक विचित्र अट पाळावी लागली: जिथे गवत दिसेल ती जागा बाद. अट शास्त्राला धरूनच होती. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि तोवर हाती आलेला गवताचा निर्विवाद म्हणावा असा सर्वांत जुना जीवाश्म होता सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. मधे एक कोटी वर्षांची दरी. संग्रहालयांतल्या चित्रांतही डायनासोरांच्या पायाखाली नेचे, सायकस आणि सूचिपर्णी झाडांची रोपं असत. तिथे हिरवळ रंगवणारा चित्रकार अडाणी ठरला असता.

सहा वर्षांनी, १८ नोव्हेंबर २००५ च्या ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक छोटा शोधनिबंध छापून आला आणि ती अट निकालात निघाली. डायनासोरांनी गवत नुसतं पाहिलं नव्हतं, खाल्लंही होतं. पुरावा आला होता चंद्रपूर जिल्ह्यातून, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा नावाच्या गावातून, आणि तो हाडांत किंवा दातांत नव्हता. तो होता दगड झालेल्या विष्ठेत.

वरोरा म्हटलं की बहुतेकांना आनंदवन आठवतं. भूशास्त्रज्ञांना मात्र पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन नावं आधी आठवतात. दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा पसरण्याच्या सुमारास या भागात नद्यांची पूरमैदानं आणि उथळ तळी होती. पाऊस हंगामी, मधे लांब कोरडा काळ. तिथे साचलेला लाल-हिरवा चिकणगाळ, वाळू आणि चुनखडक यांच्या थरांना लॅमेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लम्हेटा घाटावरून पडलेलं हे नाव. विदर्भात हे थर शेतांच्या मातीखाली अगदी वर आलेले आहेत, त्यामुळे पाऊस झाला किंवा नांगर फिरला की हाडांचे तुकडे आणि तपकिरी, गोलसर दगड उघडे पडतात.

हे दगड आणि हाडं प्रथम गोळा करणाऱ्यांत होते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. धर्मप्रचाराबरोबर तो गोंडांच्या भाषेची टिपणं काढी, दगड फोडी, शिंपले-पानं-किडे वेचून लंडनला पाठवी. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. मध्य भारतातल्या जीवाश्मांच्या अभ्यासाला तिथून खरी सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून हिस्लॉप गेला. पिसदुऱ्याच्या हाडांवरून रिचर्ड लिडेकर याने १८७९ मध्ये ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ हे नाव दिलं. हाडांना नाव मिळालं. त्यांच्या शेजारी पडलेल्या गोलसर दगडांकडे नीट लक्ष जायला आणखी साठ वर्षं लागली.

विष्ठेच्या जीवाश्मांना ‘कॉप्रोलाइट’ म्हणतात. हा शब्द १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी रूढ केला. बकलंड हे अफाट प्रकरण होतं. यॉर्कशायरमधल्या कर्कडेलच्या गुहेत हाडांबरोबर पांढरट गोळे सापडले, तेव्हा ते तरसाच्या विष्ठेचे असावेत असं त्यांना वाटलं. खात्री करायला त्यांनी ते गोळे लंडनच्या एका प्राणिघराच्या रखवालदाराला दाखवले, आणि त्याने क्षणात ओळख पटवली. विद्वानांच्या सभेपेक्षा रोज पिंजरा झाडणाऱ्याची साक्ष मोलाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर मेरी ॲनिंग या जीवाश्म शोधणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं, की तिथे सापडणारे ‘बेझोअर’ नावाचे दगड इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या सांगाड्यांत नेमके पोटाच्या जागी असतात आणि फोडले की आत माशांची हाडं आणि खवले मिळतात. तिच्या निरीक्षणावर बकलंड यांचा निबंध उभा राहिला. नंतर त्यांनी घरात एक टेबल करून घेतलं, त्याच्या पृष्ठभागावर कॉप्रोलाइटच्या घासून चकचकीत केलेल्या चकत्या जडवलेल्या होत्या. हे टेबल आजही लाइम रेजिसच्या संग्रहालयात आहे.

ॲनिंग आणि बकलंड यांना मिळालेले नमुने मांसाहारी प्राण्यांचे होते, हा योगायोग नव्हे. मांसाहाऱ्याच्या विष्ठेत हाडांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. ते तिथल्या तिथे घट्ट होतं आणि विष्ठेचा दगड बनण्याचं अर्धं काम आतूनच उरकतं. झाडपाला खाणाऱ्याच्या विष्ठेत असं काही नसतं. ती वाळते, फुटते, शेणकिडे आणि बुरशी तिचा फडशा पाडतात. ती टिकायची तर लगेच गाळाखाली गाडली जायला हवी आणि भूजलातल्या खनिजांनी तिच्यात शिरकाव करायला हवा. म्हणूनच शाकाहारी डायनासोरांची विष्ठा जगभर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच पिसदुऱ्याचं रान हे भूशास्त्रज्ञांसाठी घबाड आहे.

या घबाडाची पहिली पद्धतशीर मोजदाद चार्ल्स मॅटली यांनी केली. जर्मन संशोधक फ्रीड्रिख फॉन ह्यूना यांच्यासोबत त्यांनी १९३३ मध्ये मध्य प्रांतातल्या डायनासोरांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. १९३९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्यांचा पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटांवरचा निबंध आला. आकार आणि घडण पाहून त्यांनी नमुन्यांचे प्रकार पाडले. त्यांतला ‘ए’ प्रकार सर्वांत मोठा. तो टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी डायनासोरांचा असावा, असं त्यांनी सुचवलं, कारण तेवढ्या आकाराची हाडं त्याच शेतात त्यांचीच होती. आधार परिस्थितीजन्य होता, आजही तो तसाच आहे. पण तो नाकारण्याइतकं चांगलं दुसरं उत्तरही कुणी दिलेलं नाही.

टायटॅनोसॉर इथे होते याबद्दल मात्र शंका नाही. पिसदुऱ्याशेजारच्या डोंगरगावात १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या सोहनलाल जैन यांना सांगाड्याचा मोठा भाग मिळाला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या प्राण्याचं नाव आज ‘इसिसॉरस’ आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनासोर जगात हा एकच असावा. पिसदुऱ्याच्या नावाचेही प्राणी आहेत: ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’ हे कासव आणि ‘मॅड्सोइया पिसदुरेन्सिस’ हा साप.

मॅटलींनंतर हे दगड कपाटांत पडून राहिले. त्यांच्याकडून नवं काही काढून घ्यायला नवी हत्यारं लागणार होती, आणि ती आली विसाव्या शतकाच्या अखेरीस. २००३ मध्ये एका भारतीय गटाने त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं. प्रकाशसंश्लेषणाच्या वेगवेगळ्या रीती असलेल्या वनस्पती हवेतला जड आणि हलका कार्बन वेगवेगळ्या प्रमाणात उचलतात. भात, गहू आणि बहुतेक झाडं एका रीतीची, तिला सी-३ म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या रीतीचे, ते सी-४. पिसदुऱ्याच्या विष्ठेतला कार्बन निखळ सी-३ निघाला. पुढच्या वर्षी त्याच नमुन्यांत बुरशीचे अवशेष मिळाले, आणि त्या बुरश्या पानांवर भुरी आणि करपा पाडणाऱ्या गटांतल्या होत्या. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे दोन्ही शब्द झोप उडवायला पुरेसे आहेत. खाणाऱ्याने रोगट पानं ओरबाडून खाल्ली होती, एवढं त्यावरून ठरलं. पण पानं कशाची?

याचं उत्तर फायटोलिथमध्ये होतं.

वनस्पती मुळांवाटे पाणी ओढतात, त्याबरोबर विरघळलेली सिलिकाही वर येते. काही वनस्पती ती पेशींमध्ये साठवतात. पाणी उडून जातं, सिलिका ओपलच्या रूपात घट्ट होते आणि त्या पेशीचा हुबेहूब साचा तयार होतो. हाच फायटोलिथ. आकार माणसाच्या केसाच्या जाडीहूनही लहान. पान कुजलं, जळलं, कुणाच्या आतड्यातून गेलं तरी हा काचेचा कण जसाच्या तसा राहतो. गवतं या कामात सर्वांत पुढे असतात. उसाच्या किंवा भाताच्या पात्याने ज्याचा हात कापला आहे त्याला सिलिकेची ओळख वेगळी करून द्यायला नको. शिवाय गवताच्या पानांत काही आखूड पेशी असतात, त्यांचे साचे इतर कुठल्याही वनस्पतीत मिळत नाहीत. कुठे डंबेलसारखा आकार, कुठे खोगिरासारखा, कुठे फुलीसारखा. गवताच्या कुठल्या उपकुळात कुठला आकार येतो याच्या याद्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेल्या आहेत. म्हणजे पान हाती नसलं तरी त्याची सही वाचता येते.

लखनौच्या बिरबल साहनी इन्स्टिट्यूटमधल्या वंदना प्रसाद यांनी पिसदुऱ्याच्या ‘ए’ प्रकारच्या कॉप्रोलाइटमधून हे कण वेगळे केले. नमुना आम्लात विरघळवायचा, मागे राहिलेला गाळ जड द्रवात घालून सिलिकेचे कण बाजूला काढायचे आणि मग तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असं हे काम असतं. कणांत गवताच्या सह्या दिसल्या. गवताच्या फायटोलिथवर काम करणाऱ्या कॅरोलाइन स्ट्रॉम्बर्ग, लखनौचेच हबीब अलीमोहम्मदियन आणि भारतीय जीवाश्मशास्त्रातलं ज्येष्ठ नाव असलेले अशोक साहनी हे या निबंधाचे इतर लेखक.

निष्कर्ष नुसता ‘गवत होतं’ एवढाच असता तरी बातमी झाली असती. पण आज जिवंत असलेल्या गवताच्या शाखांमधले किमान पाच वेगवेगळे प्रकार त्या विष्ठेत होते. एखाद्या कुळाच्या पाच शाखा एका जागी दिसतात, तेव्हा त्या कुळाचं मूळ त्याहून बरंच मागे असणार हे उघड आहे. आणि इथे भूगोल मधे येतो. भारत त्या वेळी बेट होता. अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून तो आधीच सुटला होता, मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी तुटला होता, आणि आशियाला अजून लागायचा होता. समुद्राने वेढलेल्या या भूखंडावर इतक्या तऱ्हेचं गवत असेल, तर ते भारत सुटा होण्यापूर्वीच गोंडवनाच्या दक्षिणी महाखंडावर पसरलेलं असलं पाहिजे. लेखकांनी हाच तर्क मांडला.

टायटॅनोसॉर गवतावर जगत होते असा अर्थ मात्र काढू नये. वर्तमानपत्रांनी तो काढला होता, मथळे तसेच असतात. प्रत्यक्षात त्या विष्ठेत ताडवर्गीय झाडं, सूचिपर्णी आणि द्विदल वनस्पती यांचेही कण होते. गवत हा एक घास होता, ताट नव्हे. या प्राण्यांचे दात पेन्सिलीसारखे बारीक, पाला खुडायला चांगले. दळायला त्यांना दाढाच नव्हत्या. समोर येईल ते ओरबाडायचं, न चावता गिळायचं आणि बाकीचं प्रचंड पोटातल्या जिवाणूंवर सोपवायचं, असा त्यांचा कारभार. २०२५ मध्ये त्याला लांबून दुजोरा मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये सापडलेल्या डायमँटिनासॉरस या टायटॅनोसॉरांच्याच गोतावळ्यातल्या प्राण्याच्या पोटाच्या जागी त्याचं शेवटचं खाणं दगड होऊन टिकलेलं होतं. सॉरोपॉडच्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराच्या, पोटातलं अन्न खात्रीने ओळखता आलं ते पहिल्यांदाच. त्यात सूचिपर्णी, बीजनेचे आणि सपुष्प वनस्पतींची पानं एकत्र होती आणि ती जवळजवळ चावलेलीच नव्हती. तो प्राणी पिसदुऱ्याच्या कळपांहून काही कोटी वर्षं जुना, पण खाण्याची रीत तीच.

आता प्रश्न असा की किमान पाच प्रकारचं गवत एक कोटी वर्षं आधी होतं, याने उत्क्रांतीच्या चित्रात नेमका काय फरक पडतो. फरक पडतो तो एका लाडक्या कथेत.

ही कथा घोड्याची आहे. रशियन संशोधक व्लादिमीर कोवालेव्हस्की यांनी १८७० च्या दशकात तिची मांडणी केली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांत आहे. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा घोडा कुत्र्याएवढा होता, जंगलात कोवळी पानं खात होता, त्याच्या दाढा बुटक्या होत्या. पुढे हवामान कोरडं झालं, जंगलं हटली, गवताळ मैदानं पसरली. गवतातली सिलिका दात झिजवते, म्हणून उंच दाढांचे घोडे टिकले आणि बुटक्या दाढांचे मागे पडले. गवत आणि चरणारा प्राणी यांनी एकमेकांना घडवलं. कथा सुंदर आहे, आणि तिचा गाभा खोटाही नाही. पण ती सांगताना गवताचा उदय, गवताळ मैदानांचा उदय आणि उंच दाढांचा उदय या तीन घटना एकाच दमात उरकल्या जातात. जीवाश्मांनी त्या तिन्ही एकमेकींपासून सोडवल्या.

यातही स्ट्रॉम्बर्ग यांचं काम महत्त्वाचं आहे. उत्तर अमेरिकेच्या मैदानी थरांतले फायटोलिथ तपासून त्यांनी दाखवलं, की गवताने व्यापलेली मोकळी रानं तयार झाल्यावर किमान ४० लाख वर्षांनी घोड्यांमध्ये खऱ्या उंच दाढा दिसू लागतात. बदल गवतासोबत लगेच झालेला नाही. काही संशोधक तर दाढांच्या झिजेचा दोष गवतापेक्षा धूळ आणि वाळूच्या कणांना जास्त देतात. मोकळ्या रानात जमिनीलगत चरणाऱ्याच्या तोंडात माती जातेच. ज्वारी-बाजरीच्या रीतीचं, म्हणजे सी-४ गवत तर आणखी उशिरा आलं. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक थरांतल्या कार्बनने दाखवून दिलं, की तिथे सी-४ गवताची सरशी झाली ती जेमतेम ७०-८० लाख वर्षांपूर्वी. पिसदुऱ्यातला कार्बन निखळ सी-३ का, याचं उत्तर इथे मिळतं. पिसदुऱ्याचं गवत सावलीत, पाणवठ्यांकाठी, इतर झाडोऱ्यात मिसळून वाढणारं असावं. मैदानं काबीज करायला त्याला पुढची कित्येक कोटी वर्षं लागली. एखादा जीवगट जन्माला येणं आणि त्याने जग व्यापणं यांत एवढं अंतर असू शकतं, ही गोष्ट सस्तन प्राण्यांच्या बाबतीतही खरी आहे. तेही डायनासोरांच्या सबंध राजवटीत होतेच, बहुतेक उंदराएवढे.

सस्तन प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर पिसदुऱ्याच्या गवताचा दुसरा धागा तिथेच जातो. दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत इथे डायनासोरांच्या अखेरच्या काळात गोंडवनाथेरिया नावाचे सस्तन प्राणी होते. ते आज पूर्ण नामशेष आहेत. त्यांचे गालाकडचे दात उंच, घोड्याच्या किंवा सशाच्या दाढांची आठवण करून देणारे. तेलंगणातल्या नसकल इथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांचे दात मिळाले आणि १९९७ मध्ये ते जाहीर झाले. २००७ मध्ये भारतीय नमुन्यांना ‘भारतथेरियम’ हे नावही मिळालं. या दातांनी संशोधकांना चक्रावून सोडलं होतं. गवतच नव्हतं तर गवत खाणाऱ्यासारखे दात कशासाठी? २००५ च्या निबंधाने हा पेच सैल केला. गवत होतं, तेव्हा चरणारा प्राणीही असू शकतो. शक्यता म्हणूनच लेखकांनी ती मांडली, त्यापुढे ते गेले नाहीत, आणि हा संयम दाद देण्याजोगा आहे.

२०११ मध्ये याच गटाने, नागपूरच्या धनंजय मोहबे आणि बंदना सामंत यांच्यासह, पुढचं पाऊल टाकलं. पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटमध्ये सुटे कणच नव्हे, तर पानाच्या सालीचे बारीक तुकडेही होते आणि त्यांत फायटोलिथ मूळ जागी बसलेले होते. त्यांची रचना भाताच्या गोत्राशी जुळली. दोन नव्या प्रजातींना नावं दिली गेली. त्यांतल्या एकीचं नाव ‘मॅटलेयाइट्स इंडिकम’, म्हणजे १९३९ मध्ये या विष्ठेची प्रतवारी करणाऱ्या मॅटलींची आठवण. भंडारा-गोंदियाचा धानपट्टा तिथून फार दूर नाही, त्यामुळे विदर्भाने भाताचा पूर्वज दिला असं म्हणण्याचा मोह होईल. तसं नाही. शेतातला भात माणसाने अलीकडच्या काही हजार वर्षांत रानटी भातापासून घडवला. पिसदुऱ्याचं गवत त्याच्या गोत्रातलं अतिप्राचीन भावंड, एवढंच.

या शोधाचा खरा धक्का बसला तो रेणवीय घड्याळांना. आजच्या वनस्पतींच्या डीएनएमधले फरक मोजून त्या एकमेकींपासून केव्हा फुटल्या याचा अंदाज बांधता येतो, पण हे घड्याळ लावायला एखाद्या जीवाश्माची पक्की तारीख लागते. भाताचं गोत्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळं झालेलं असेल, तर गवताचं अख्खं कुळ दहा कोटी वर्षांच्याही मागे ढकलावं लागतं. काही संशोधकांना हे पटलेलं नाही. पिसदुऱ्याचे कण धरून केलेलं गणित आणि ते वगळून केलेलं गणित यांत मोठी तफावत येते, तेव्हा त्या सूक्ष्म आकारांवरून आजच्या नेमक्या गोत्राशी नातं जोडणं कितपत सुरक्षित, असा त्यांचा सवाल आहे. तो रास्त आहे. अशा वादात तिसऱ्याच ठिकाणचा पुरावा कामाला येतो, आणि २०१८ मध्ये तसा तो चीनमधून आला. ‘इक्विजुबस’ या शाकाहारी डायनासोराच्या दातांना चिकटलेल्या कणांत गवताच्या पानाची साल आणि फायटोलिथ मिळाले. त्या खडकांचं वय दहा कोटींच्या पलीकडचं. भाताच्या गोत्राचा वाद त्याने मिटत नाही, पण गवताचं कुळ खूप जुनं आहे ही बाजू भक्कम झाली.

विष्ठा काय काय सांगू शकते याची उदाहरणं इतरत्रही साठत गेली आहेत. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मिळालेला ४४ सेंटीमीटर लांबीचा कॉप्रोलाइट करेन चिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगापुढे आणला. तो बहुधा टायरॅनोसॉरस रेक्सचा होता आणि एका तरुण शाकाहारी डायनासोराच्या हाडांच्या चुऱ्याने भरलेला होता. मोंटानातल्या, मायासोरा या शाकाहारी डायनासोराच्या म्हणवल्या जाणाऱ्या विष्ठेत त्यांना सूचिपर्णी झाडांचं कुजकं लाकूड मिळालं आणि शेणकिड्यांनी पोखरलेली बिळंही. शेणकिडे गाई-म्हशींच्या आधीपासून आहेत, डायनासोरांच्या मागे मागे ते आपलं काम करत होते, हे त्या बिळांवरून कळलं. पोलंडमधल्या सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका नमुन्यात तर अख्खे भुंगेरे निघाले, मिशा आणि पायांसकट. नमुना न फोडता क्ष-किरणांनी आतलं चित्र घेतलं गेलं आणि त्या किड्याला २०२१ मध्ये ‘ट्रायामिक्सा कॉप्रोलिथिका’ हे नाव मिळालं. किड्याला नाव आणि पत्ता दोन्ही एकदमच.

हाडं प्राणी कसा होता ते सांगतात. तो कुणाला खात होता, कुणाच्या मागावर होता, त्याच्या मागे कोण साफसफाई करत होतं, हे बहुतेकदा हाडांत नसतं. आणि निवड घडते ती याच व्यवहारांत. तरीही गेल्या दोनशे वर्षांत संग्रहालयांनी सांगाडे उभे केले आणि कॉप्रोलाइट खोक्यांत ठेवले. यात लाजेचा भाग किती आणि सोयीचा किती, हे ठरवणं कठीण आहे. पिसदुऱ्याचे दगडही हिस्लॉपच्या काळापासून वेचले जात होते, पण त्यांतलं गवत दिसायला दीडशे वर्षं लागली. नमुना तोच होता, त्याला विचारायचा प्रश्न नवा होता.

सध्या उघडा असलेला प्रश्न भारतथेरियमचा आहे. मादागास्करमध्ये याच गोतावळ्यातल्या ‘विन्ताना’ची अख्खी कवटी २०१४ मध्ये आणि ‘अदालाथेरियम’चा जवळजवळ पूर्ण सांगाडा २०२० मध्ये जाहीर झाला. भारतातला प्राणी मात्र मुख्यतः त्याच्या दातांवरूनच माहीत आहे. तो खरंच गवत चरत होता का, हे ठरवायला त्या दातांवरच्या झिजेचे ओरखडे आणि मुलाम्यातला कार्बन तपासावा लागेल, आणि त्यासाठी दात भरपूर हवेत. ते मिळवायची रीत मोठी कष्टाची आहे. लाव्हाच्या थरांमधला गाळ पोत्यांनी आणायचा, पाण्यात भिजवून बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायचा, उरलेला कचरा वाळवायचा आणि चिमट्याने एकेक कण उलटा-पालटा करत सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. टनावारी माती धुतल्यावर काही मिलिमीटरांचे मोजके दात हाती लागतात, आणि त्यांतही बरेचसे माशांचे निघतात.